वैशाखऱ्याचा बांध आणि पोर्तुगालची कौलं

परक्या मुलखात घर घ्यायचं, भाषा येत नाही, कायदा माहीत नाही, तर विश्वास कुणावर ठेवायचा? एजंटवर? वकिलावर? पोटच्या पोरावर? सांगा, तुम्ही कुणावर ठेवाल?

मुरबाडला माझं हार्डवेअरचं दुकान. तीस वर्षं गल्ल्यावर बसून माणसं बघतोय, पण या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. किस्से मात्र देता येतात. माझ्या काउंटरखाली एक डबा आहे. सुटे खिळे, उरलेले स्क्रू, कुणी विसरून गेलेली बिजागरी, सगळं त्यात पडत जातं. मुद्दाम कुणी टाकत नाही, तरी डबा कधी रिकामा नसतो. किस्स्यांचंही तसंच. सध्या माझा डबा भरलाय तो सगळा जनूभाऊच्या पोर्तुगालने!

जनूभाऊ मुरबाडजवळच्या वैशाखरे गावचा. शाळेत माझ्या बाकावर बसायचा. त्याच्या भातखाचराला लागून माझं खाचर, मधे एक बांध. त्याचा मुलगा नितेश पूर्वी आसनगावहून अप-डाऊन करून एसी दुरुस्त करायचा, तो सात वर्षांपूर्वी पोर्तुगालला गेला. आता तिथल्या कोल्ड स्टोरेजची मशिनं बघतो. त्याने डोंगरातल्या एका गावात जुनं दगडी घर बघितलं. एक विहीर, अकरा ऑलिव्हची झाडं. तरुण माणसं शहरात गेलेली, त्यामुळे घर मुरबाडच्या फ्लॅटपेक्षा स्वस्त. पैसे त्याचे. अट एकच, आईबाबांनी तिकडे राहायला यायचं.

मी जनूभाऊला लगेच म्हटलं, "मग इथलं शेत मला दे. मी दहा वर्षं मागतोय."

"नाय रे बाळू," तो म्हणाला. "तिकडं नाय जमलं नि परत आलो, तर उभा कुठं राहू?"

विषय संपला. म्हणजे त्याच्यापुरता संपला. ते शेत मला हवंय, हे मात्र आख्ख्या मुरबाडला माहीत होतं.

*

घराचा सौदा झाला तो माझ्या दुकानात, व्हिडिओ कॉलवर. तिकडे नितेश आणि एजंट बाई, इकडे जनूभाऊ, मी आणि आमचे मास्तर. मास्तर रिटायर झाल्यापासून रोज सकाळी माझ्याकडे फुकट पेपर वाचायला येतात.

बाईने घर दाखवलं, विहीर दाखवली, झाडं दाखवली. जनूभाऊ ढिम्म. म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. सातबारा दाखव."

"बाबा, इथं सातबारा नसतो."

"नाव वेगळं असंल. कागद तर असंल ना?"

कागद आला. जनूभाऊने चष्मा लावून त्या न कळणाऱ्या भाषेकडे पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "विकणाऱ्याला बहिणी किती? त्यांच्या सह्या झाल्या का?"

नितेशने ते भीतभीत सांगितलं. एजंट बाई हसली. आपल्याकडे सगळं क्लिअर असतं, म्हणाली. जनूभाऊ म्हणाला, "आमच्याकडंबी सगळं क्लिअरच असतं. सौदा झाल्यावर बहीण उगवते."

चार दिवसांनी नितेशचा फोन. विकणाऱ्या म्हाताऱ्याची एक बहीण निघाली! लग्न होऊन फ्रान्सला गेलेली, चाळीस वर्षं गावात फिरकलेली नाही. तिची सही यायला अडीच महिने लागले.

बाईने नितेशला विचारलं म्हणे, "तुझे वडील वकील आहेत का?"

नितेश म्हणाला, "नाही. भात लावतात."

*

सुमनवहिनी, म्हणजे जनूभाऊची बायको, सह्यांच्या भानगडीत पडली नाही. सगळं ठरत आलं तेव्हा तिने नितेशला फोन लावायला सांगितला. नितेश हौसेने स्वयंपाकघर दाखवायला लागला, तर ही म्हणाली, "घर नको दाखवू रे. शेजारीण दाखव."

"आई, शेजारीण कशाला?"

"घर मोडलं तर बांधता येतं. शेजारीण दुरुस्त करता येते का?"

पोरगा बिचारा फोन घेऊन शेजारच्या दारात गेला. पायरीवर काळ्या कपड्यातली एक आजी बसलेली, मारिया तिचं नाव. मांडीवर परात घेऊन कसलेसे शेंगांचे दाणे सोलत होती. इकडे वहिनीच्या मांडीवर परात, तिच्यात भिजवलेले वाल. वहिनीही सोलतच होती.

दोघींनी आधी एकमेकींकडे बघितलं, मग एकमेकींच्या परातीत बघितलं. आजीने एक दाणा चिमटीत धरून फोनसमोर नाचवला. वहिनीने एक वाल धरला.

"घे घर," वहिनी म्हणाली.

*

मग व्हिसा. दोघांचे कागद बघून मुंबईच्या ऑफिसातल्या पोरीने विचारलं, "काका, तुमचा जन्म एक जूनचा आणि काकूंचाही एक जूनचा?"

"हो."

"योगायोग आहे ना!"

जनूभाऊने कागद खरे असल्याचं सांगायला मला बरोबर नेलं होतं. त्याने माझ्याकडे बोट केलं. "याचाबी एक जून."

पोरगी आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघायला लागली. आता हिला कसं सांगायचं, की आमच्या आयांनी "भातलावणीच्या सुमारास झाला" एवढंच सांगितलं होतं आणि बाकीचं काम शाळेने केलं! मास्तरांना नंतर हे सांगितलं, तर ते पेपर खाली न करताच म्हणाले, "हेडमास्तरांची लेखणी! आख्खा तालुका एका दिवसात बाळंत केला."

*

सामानाचं वजन झालं माझ्या दुकानात, बायंडिंग वायर तोलतो त्या काट्यावर. माणशी तेवीस किलोची बॅग. वहिनीने मेतकूट, गोडा मसाला, वाल, सुकट असं भरत भरत काटा बरोबर तेवीसवर आणला. मग एक पिशवी मसाला परत बाहेर काढला.

"का हो वहिनी? बसतंय की!"

"भावोजी, राग नका मानू. दुकानदाराचा काटा. किलोभर इकडंतिकडं धरलेलं बरं!"

मास्तर एवढे हसले की पेपर फाटला. माझा पेपर!

दोन दिवसांनी विमानतळावरून वहिनीचा फोन. मागे कसलीशी घोषणा चाललेली आणि ही ओरडून सांगतेय, "भावोजी! बॅग बावीस भरली हो! तुमचा काटा खरा निघाला! तीस वर्षं उगाच संशय घेतला गो बाई मी!"

तो काढलेला मसाला आमच्याकडे चार महिने पुरला.

*

दिवाळी झाल्यावर, जायच्या दिवशी सकाळी जनूभाऊ दुकानात आला होता. घराची चावी काउंटरवर ठेवली. "घर उघडून वारा दे मधनंमधनं. शेताकडंबी बघ. भात तूच लाव नि तूच खा, पण बांध सांभाळ."

मास्तरांनी पेपर खाली केला. म्हणजे गोष्ट गंभीर. "जनू, बाळूशेठला ते शेत किती वर्षांपासून पायजे, ठाऊक आहे ना? बोक्याला दुधाची राखण सांगतोस?"

"लांबचा बोका असता तर भ्यालो असतो, मास्तर," जनूभाऊ म्हणाला. "शेजारचा बोका पळून जाईल कुठं?"

सगळे हसले. मीही हसलो. चावी मात्र उचलताना जड लागली.

*

पोर्तुगालला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जनूभाऊने ऑलिव्हच्या झाडाखाली उभं राहून एक पिकलेलं काळं फळ करवंदासारखं तोंडात टाकलं. ती झाडावरून तोडून तशीच खात नाहीत, महिनाभर मिठाच्या पाण्यात ठेवतात, हे त्याला कोण सांगणार? मला म्हणाला, "कडुनिंब बरा रे! नि मारिया आजी समोर. थुंकायची पण चोरी." त्याने ते गिळलं. आजी हसून हसून पायरीवर बसली आणि आत जाऊन मुरवलेल्या ऑलिव्हची बरणी घेऊन आली.

वहिनीने बरणीत मोहरी-मेथीची फोडणी घातली. आता म्हणे ती आजी अर्धी बरणी घेऊन येते नि फोडणीची भरून नेते.

*

तिकडे पाऊस थंडीत पडतो. घर गळायला लागलं. नितेशने गवंड्याला फोन केला, तो म्हणाला तीन आठवडे लागतील. नितेश कामाला गेला आणि जनूभाऊ शिडी लावून छपरावर चढला.

फोनवर त्याचा आवाज नुसता फुललेला. "बाळू, नळीची कौलं रे! माझ्या आज्याच्या घरावर होती तशी! पाय कुठं ठेवायचा ते पायालाच ठाऊक!"

खाली सगळं गाव गोळा झालं. हा परदेशी म्हातारा आता पडतो की मग पडतो, म्हणून एकाने तर गादी आणून टाकली. जनूभाऊने आपल्याकडे पावसाआधी करतो तशी सगळी कौलं परतली, फुटकी काढली, चांगली बसवली आणि दुपारी जेवायला खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी दारात चार म्हातारे टोप्या हातात घेऊन उभे. चौघांचीही घरं गळत होती.

"पैसे घेतलेस का?" मी दुकानदार, मला दुसरं काय सुचणार?

"छा! चार घरं, चार कॅन ऑलिव्हचं तेल. नि बाळू, आता रस्त्यानं चाललो ना, तर लोकं टोपी काढतात. वैशाखऱ्यात नुसतं 'काय जनू' म्हणत."

मग म्हणाला, "तेबी आठवतं म्हणा."

*

आता हा शेवटचा एकच किस्सा.

दरवर्षी पेरणीआधी जनूभाऊ आणि मी आमच्या शेतांमधला बांध मोजायचो. टेप नाही. चपला काढायच्या आणि त्याच्या बाजूच्या सागापासून बांधापर्यंत पावलाला पाऊल लावत जायचं. आधी त्याने, मग मी. दोघांनाही आठ नंबरची चप्पल लागते, त्यामुळे भांडण नाही. बापाच्या वेळेपासूनचा आकडा, नव्वद.

या मे महिन्यात सकाळी अकराला त्याचा फोन. तिकडे नुकतं उजाडत होतं. "बाळू, शेतावर जा. मोज. फोन चालूच ठेव."

गेलो. चपला काढल्या. माती तापलेली. सागाला टाच लावली आणि मोठ्याने मोजत निघालो. शेवटी शेवटी आवाज लहान झाला. बांध आला तेव्हा अठ्ठ्याऐंशी झाले होते.

परत मोजलं. या वेळी मनात. अठ्ठ्याऐंशीच.

बांध माझ्या अंगाने कोरला जाऊन जनूच्या शेतात सरकला होता. गेल्या पावसाळ्यातल्या चिखलणीत, ट्रॅक्टरने. आणि ट्रॅक्टरवाल्याला "कडेपर्यंत घे रे" म्हणणारा मीच.

"किती भरले?" फोनमधून आवाज.

"नेटवर्क जातंय जनू."

"मी थांबतो की."

तिकडे कोंबडा आरवला. इकडे मी तापल्या मातीत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. त्याला इथलं काय दिसणार होतं? नव्वद म्हटलं असतं तर नव्वद!

"अठ्ठ्याऐंशी," मी म्हटलं. "माझ्या अंगाने ट्रॅक्टर घासलाय. पावसाआधी बांध मागे घेतो."

तिकडून वहिनीच्या भांड्यांचा आवाज आला. मग तो म्हणाला, "निघायच्या आदल्या दिवशी मी एकटाच जाऊन मोजून आलो होतो. तवाबी अठ्ठ्याऐंशीच भरले."

"म्हणजे चावी द्यायच्या आधी? मग बोलला का नाहीस?"

"तू बोललास ना आता," जनूभाऊ म्हणाला. "बांध मागं घेतलास की परत मोज. चपला काढून. आणि पावलांचा हिशोब खरा ठेव रे, बाळू."