पुळणीत शिकले, बर्फात चालवली

जीपने नेपाळला जायचं बाबांनी ठरवलं ते रागाच्या भरात. गोष्ट साठच्या दशकातली. लिलावात घेतलेली आमची जुनी जीप बघून कट्टा गावच्या बाजारात कुणीतरी हसलं, ही फोंडा घाट तरी चढेल का म्हणून. माझे काका तेव्हा काठमांडूला ओव्हरसियर होते. बाबांनी घरी येऊन जाहीर केलं, जानेवारीत काकाकडे जायचं, जीप घेऊन.

“कलमांका मोहोर इलो आणि तुमी खंय निघालात?” आई म्हणाली.

“बर्फ बघूक.”

आई कलमं सांभाळायला मागे राहिली आणि मी बरोबर निघाले. मला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती, शिकाऊ परवानाही हातात होता, पण गाडी चालवायची ती फक्त मिठबावच्या पुळणीत, समुद्राच्या वाळूवर, जिथे बघायला कोणी नसे. बाबांनी हौसेने शिकवलं आणि मग लोकांना घाबरले. “पुळणीत चलय. बाजारात नको, लोक हसतले.” मला लोकांसमोर, खऱ्या रस्त्यावर गाडी चालवायची होती. या प्रवासात बाबांकडून ते मिळवायचंच, असं मी ठरवून निघाले होते.

कसालला टाकी भरली. कोल्हापूर, पुणे, जबलपूर, बनारस. दर घाटात मी विचारायचे आणि उत्तर ठरलेलं, “सरळ रस्तो गावलो तर देतंय.” मग जबलपूरच्या पुढे चांगला सुतासारखा सरळ रस्ता लागला, तेव्हा म्हणाले, “हय ट्रका खूप आसत.” धर्मशाळांत राहिल्यामुळे राहण्याचा खर्च नगण्य होता, पैसा खाल्ला तो पेट्रोलने. जेवणाचे मात्र हाल. पोळ्या खाऊन खाऊन बाबा इतके कंटाळले, की रक्सौलची हद्द ओलांडून नेपाळात पहिला डाळभात समोर आला तेव्हा त्यांनी ताटाला नमस्कार केला. बरोबर मुळ्याचं झणझणीत लोणचं होतं. आम्ही पिशवीतला सुका बांगडा काढून चुलीवर भाजून घेतला आणि खानावळीतली दोन माणसं नाक धरून बाहेर जाऊन बसली.

हेटौड्यानंतर रस्ता चढायला लागतो तो थांबतच नाही. वळणं इतकी, की आपलाच मघाचा रस्ता पायाखाली तीनदा दिसतो. आज बहुतेक गाड्या दुसऱ्या रस्त्याने जातात, पण तुम्ही गेलात तर वाट वाकडी करून हा जुना रस्ता घ्याच. गाडीचा नेपाळचा परवाना हद्दीवरच काढा आणि कानटोपी विसरू नका. आम्ही दोघांनी जवळचे सगळे कपडे एकावर एक चढवले होते, तरी दात वाजत होते. बाटलीतलं खोबरेल तर पांढरं दगड झालेलं.

आणि मग बर्फ आला. खिंडीच्या थोडं खाली सगळा रस्ता पांढरा, पुढे एक नेपाळी ट्रक अडकून बाजूला उभा. मी बर्फ हातात घेतला आणि वेड्यासारखी हसत सुटले. बाबांनी मात्र जोरात गाडी रेमटवली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरून खोल गेली. चारही चाकांना ताकद देणारा दांडा कधीचा मोडलेला होता.

“बाबा, ह्यां पुळणीसारख्यांच आसा. जोर करू नकात, चाक आणखी रुततला.”

“माका शिकय नको.”

आणखी दोनदा जोर केला. चाक आणखी रुतलं. ट्रकवाला लांबून मान हलवत होता. शेवटी बाबा खाली उतरले, जीपला खांदा लावून बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बस तू स्टेरिंगार. मी ढकलतंय.”

मी आधी चाकांतली थोडी हवा सोडली. काकांसाठी आणलेले नारळ गोण्यांतून जीपमध्येच मागे ओतले, रिकामी गोणपाटं मागच्या चाकांपुढे अंथरली. मग दुसऱ्या गियरमध्ये, अगदी हळू, पुळणीतून काढतात तशी काढली. जीप थरथरली, गोणपाटावर चढली आणि सुटली. मागून बाबा ओरडत होते, “थांबव नको गो, तशीच वर घे.” मी थांबवली ती खिंडीत, माथ्यावर. बाबा धापा टाकत चालत वर आले, मागोमाग ट्रकवाला आणि त्याचा जोडीदारही.

बाबांनी नारळ काढला, जीपसमोर धरला आणि टोपी सारखी करून तिथेच बर्फात, कोकणात देवाला साकडं घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या परक्या मुलखात माझ्या बायन गाडी वर हाडली.”

बाय म्हणजे मीच, त्यांची मुलगी, पण गाऱ्हाण्याला साथ द्यावी लागते, म्हणून मी एकटीच म्हणाले, “होय म्हाराजा.”

“तिच्या हाताक असाच यश दी.”

“होय म्हाराजा.”

“तिच्या वाटेत कोण आडवो इलो, तर त्याका तूच बघून घे रे म्हाराजा.”

या वेळी ते दोघे नेपाळीही सुरात म्हणाले, “होय म्हाराजा.” आजवर आडवे आले होते ते बाबाच, पण गाऱ्हाण्यात मध्ये बोलायचं नसतं. बाबांनी माझं कौतुक तोंडावर कधी केलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. नारळ फुटला, खोबरं चौघांनी खाल्लं, हातपंपाने चाकांत हवा भरली आणि ट्रक सोडवायलाही तीच गोणपाटं दिली.

दामनहून हिमालयाची रांग दिसली, काकांकडे चार दिवस उत्तम पाहुणचार झाला. ते सगळं सुंदरच होतं. पण आज मागे वळून बघताना मनात राहिलेलं सगळ्यात मोठं ठिकाण नेपाळात नाही.

परतीच्या वाटेवर कसालला आम्ही चहा प्यालो. चहा झाल्यावर बाबा सरळ बाजूच्या सीटवर जाऊन बसले. मी त्यांच्याकडे बघितलं. मग मी स्टेअरिंगवर बसले. कट्ट्याच्या बाजारात शिरलो तर दुकानं उघडी, एसटीसाठी माणसं उभी. ओळखीचा दुकानदार पायरीवरून म्हणाला, “काय ओ, हात दुखतत काय तुमचे?”

“हात बरे आसत,” बाबा म्हणाले. “बर्फातसून गाडी बायन काढली. आता हीच चलयतली.”

बाजार काही फार लांबलचक नाही. तेव्हा मी गाडी दुसऱ्या गियरमध्येच हळू नेली, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.