बघण्यासारखं काही नाही

“बघण्यासारखं काही नाही गं. एक थडगं आहे.”

काका गाडीच्या अर्धवट उघड्या काचेतून आत वाकून बोलत होते. आत काकू बसल्या होत्या. मांडीवर पुऱ्यांचा डबा, डब्यावर काकांचं जाकीट. मी फुटपाथवर उभी होते. आमच्या मागे, न्यूयॉर्कच्या एका नदीकाठच्या बागेत, अमेरिकेच्या एका जुन्या राष्ट्राध्यक्षाची समाधी होती. मोठमोठे खांब, वर घुमट. काका ती चहा गार व्हायच्या आत उरकून आले होते.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तो पुढे जाऊन बघून येतो आणि बाकीच्यांचं बघणं रद्द करतो.

कॅनडात, हॅमिल्टनला मी या काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. वीकएंडला कुठे निघाले की काका वरून हाक मारायचे, “काय कॉन्व्हेंट, येतेस का?” इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे हे माझं नाव. मराठी वाक्य माझ्या तोंडात तयार होईपर्यंत समोरचा विषय बदललेला असतो. त्यामुळे मी नाही म्हणेपर्यंत आम्ही हायवेला लागलेलो असायचो.

पद्धत ठरलेली होती. काका गाडी नेमकी लावू नये तिथे लावणार. “गाडीत माणूस असला की दंड करत नाहीत,” हा त्यांचा कायदा. माणूस म्हणजे काकू. मग काच चार बोटं खाली करून “हवा येऊ दे” म्हणणार, टोपी सारखी करणार आणि निघणार. इथे लोक ग्रोसरीला जाताना गाडीतल्या कुत्र्यासाठी अशीच काच खाली ठेवतात.

परत आले की निकाल. नायगारा: “पाणी पडतंय.” ओटावाची पार्लमेंट: “घड्याळ आहे एक.” ट्युलिपचे ताटवे: “जमिनीखाली कांदेच ते, शेवटी.” काकू “हो का?” म्हणायच्या आणि संत्रं सोलून द्यायच्या. तेही खाऊन काका म्हणायचे, “आपल्या नागपूरसारखं नाही.”

काका वाईट होते असं मी म्हणणार नाही. पहिला बर्फ पडला की मी घसरू नये म्हणून माझ्या दाराशी न सांगता मीठ टाकून जायचे. फक्त आपले डोळे दोघांना पुरतात, असं त्यांना मनापासून वाटायचं.

या वेळी न्यू जर्सीला त्यांच्या पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. काकू नागपूरला शाळेत इतिहास शिकवायच्या. सगळ्या प्रवासात त्यांनी ही एकच जागा मागितली होती. सीमेवरच्या लांबलचक रांगेत मागे वळून त्या मला सांगत होत्या, गुलामगिरीवरून झालेलं ते युद्ध, ते जिंकणारा सेनापती, तोच पुढे राष्ट्राध्यक्ष कसा झाला. “वर्षानुवर्षं मुलींना शिकवलं गं. आता प्रत्यक्ष बघू.” इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“स्मशान बघायला कोण जातं, बाप्पा!” काका म्हणाले. पण गाडी वळवली.

पोचल्यावर काकूंनी वाकून बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि दाराला हात घातला.

“तू काहून उतरतेस? पायऱ्या बघ. गुडघे आहेत का तुझे? अन् बायकांनी स्मशानात जायचं नसतं. मी येतो बघून. चल गं, कॉन्व्हेंट.”

काकूंनी दारावरचा हात काढून डब्यावर ठेवला. “बरं.”

गुडघे! मी बेसमेंटमध्ये राहायचे. त्याच गुडघ्यांनी काकू लाँड्रीची बास्केट घेऊन माझ्या दारावरून जिना उतरायच्या आणि चढायच्या. बास्केटमध्ये निम्म्याहून जास्त शर्ट काकांचे. आणि बायकांनी जायचं नसतं, तर मला कसं नेलं? कॉन्व्हेंट बहुधा बायकांत मोडत नसावी.

आत गारवा होता. जमिनीत मधोमध एक मोठा गोल कठडा, आणि त्यावरून वाकलं की खाली तांबूस दगडाच्या दोन प्रचंड शवपेट्या. शेजारी शेजारी, अगदी सारख्या.

“दोन काहून?” काकांनी विचारलं.

मी तिथल्या गार्डला विचारलं. तो म्हणाला, सैनिकांच्या दफनभूमीत बायकोला शेजारी जागा मिळाली नसती, म्हणून या सेनापतीला ती दफनभूमीच नको होती. मी काकांना एवढंच सांगितलं, “दुसरी बायकोची आहे.”

“तिलाही एवढी मोठी?” काका हसले. मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला. त्यात एकही शवपेटी आली नाही. मग ते बाहेर पडले आणि काचेतून वाकून त्यांनी निकाल सांगितला.

काकूंनी या वेळी “हो का?” म्हटलं नाही. “आत काय काय आहे हो?” त्यांनी विचारलं.

“सांगितलं ना, थडगं! बारशाला उशीर होईल.” काका गाडीला वळसा घालून स्टीअरिंगच्या बाजूला निघाले.

काकू वाकल्या आणि बुटांच्या नाड्या सैल करू लागल्या.

वाक्य माझ्या तोंडात केव्हाच तयार होतं आणि विषय अजून बदलला नव्हता. मी काकूंच्या बाजूचं दार उघडलं, मांडीवरचा डबा उचलला आणि गाडीच्या टपावरून काकांच्या हातात दिला.

“एक नाही काकू, दोन आहेत. बायको त्याच्या शेजारीच आहे, तेवढीच मोठी. तुम्ही या बघून, सावकाश. गाडीत माणूस लागतो ना? काका बसतील.”