पुठ्ठ्यावरची मधली जागा

पिठाची खळ एकदा नखात गेली की धुऊन निघत नाही. आमच्या पुठ्ठ्यांच्या गोष्टींचंही तसंच आहे. एक सांगायला बसावं, तर दुसरी तिला चिकटून बाहेर येते. परवा नात मला समजावून सांगत होती, की चित्रं कापून चिकटवली की माणसाला स्वतःची ओळख पटते, त्याला कोलाज म्हणतात. मी म्हटलं, बाई गं, निजामाच्या राज्यात जुन्या जालन्यात ओसरीवर बसून आम्ही दुसरं काय करत होतो? काही जणींना तर ओळख इतकी पटली, की घरच्यांची पंचाईत झाली.

सुरुवात वत्सलाबाईंची. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि दुपारी आम्हा मोठ्या बायकांना अक्षरं शिकवायची त्यांना भारी हौस. पण पाटी हातात आली की आमची बोटं वळायचीच नाहीत. आमचे हे कापडाच्या दुकानात गुमास्ते. त्या काळी गिरणीच्या प्रत्येक ठाणावर, साडीवर रंगीत चित्राची छाप चिकटवलेली असायची. कुठं राणी, कुठं वाघ, कुठं लक्ष्मी. ठाण संपलं की छाप आमच्या घरी यायची. पेठेतल्या सगळ्याच दुकानांचा नियम एकच होता. छाप शाबूत असेल तर माल परत, छाप निघाली की माल गिऱ्हाइकाचा.

वत्सलाबाईंनी माझा छापांचा डबा पाहिला आणि पाट्या उचलून ठेवल्या. म्हणाल्या, "लिहू नका. मी कोण, ते पुठ्ठ्यावर चिकटवा. आणि कुठं काय लावायचं, ते कोणाला विचारायचं नाही."

हे शेवटचं आमच्या वन्संना फार जड गेलं. अनसूया, माझी धाकटी नणंद. अंबडला तिच्या नवऱ्यानं दुसरी करून आणली, तेव्हापासून ती आमच्याकडं होती. आता दुसरीला दिवस गेले, कामाला हात हवे झाले, म्हणून सासरचा निरोप आला, की सुगी उरकली की न्यायला येतो. वन्संना विचारावं तर उत्तर ठरलेलं, "तुम्ही म्हणाल तसं." भाजी कोणती करू? तुम्ही म्हणाल तसं. सासरी जाणार का? तुम्ही म्हणाल तसं. आमचे हे चिडायचे. "तिनं एकदा तोंडानं न्हाई म्हणावं, मंग बघतो कोण नेतो ते. पण म्हणायला तर पायजे." सगळं त्या एका शब्दावर अडलं होतं आणि सुगी जवळ येत होती.

*

पहिल्याच दुपारी घोटाळा झाला. डब्यात बहुतेक देवच निघाले. शेजारच्या रुक्मिणकाकूंनी सगळ्यांच्या हातातल्या कात्र्या काढून घेतल्या. देवाला कात्री लावायची म्हणजे काय! देव सगळे कोनाड्यात गेले, आणि आम्ही येता-जाता कोनाड्याला नमस्कार करू लागलो. दुकानातून नवी चित्रं येईपर्यंत चिकटवायला चार वाघ आणि एक घड्याळ, एवढंच उरलं.

वाट काढली गयानं. तिनं लक्ष्मीला धक्का न लावता दोन्ही बाजूंचे हत्ती तेवढे कातरून घेतले. काकूंनी लक्ष्मी उजेडात धरून नीट तपासली. मग म्हणाल्या, "हत्ती चालतेत. त्यांना बी जरा फिरून येऊ दे."

*

ही गया कुंभार पिंपळगावकडची, धनगराची. मेंढरं विकून ही माणसं जालन्याला आली होती. ती जिनात कापसाच्या कामाला जायची, नवरा घरी झोपायला असायचा. तिनं पुठ्ठ्यावर मिशीवाला राजा लावला, पण उलटा, पाय वर. नवरा एक दिवस बघायला आला. हा राजा कोण, म्हणाला. गया म्हणाली, तुम्हीच की. तो दोन दिवस मिशीला पीळ देत हिंडला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्यानं विचारलं, की मग उलटा का?

"आधी सरळच लावला व्हता," गया म्हणाली. "कामाला उठना गेल्ता."

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर जिनात दिसला. गयानं राजा सोडवून सरळ लावला. खळ कच्ची ठेवली, एवढंच.

*

रुक्मिणकाकू देऊळ लावणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यांनी लावलं आगगाडीचं इंजिन. स्वतःच बघत राहिल्या त्याच्याकडं. जालन्यात गाडी येऊन इतकी वर्षं झाली, पण काकूंना कधी कोणी नेलं नव्हतं, आणि त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी मुलाला सांगितलं, की मला बदनापूरपर्यंत ने. बदनापुरात कोण आहे? कोणी नाही. मग काम काय? काम नाही.

गेल्या आणि पुढच्या गाडीनं परत आल्या. आम्ही घोळका केला, काय पाहिलं म्हणून. काकू शांतपणे म्हणाल्या, "पाह्यला गेलेच न्हवते. बसाया गेल्ते."

*

त्या दिवसांत चार माणसं एकत्र बसली तरी सरकारला संशय यायचा. कोणीतरी चुगली केली आणि एक पोलीस जवान दारात उभा राहिला. "क्या चलरा यहाँ?" वत्सलाबाईंनी पुठ्ठे पुढं केले. त्यानं ते उजेडात धरून पाहिले, मागून पाहिले, हुंगूनसुद्धा पाहिले. काकूंनी त्याला बसायला सांगितलं आणि हातात कात्री दिली.

तो चहाच्या वेळेपर्यंत बसला. त्यानं एक विहीर लावली, एक गाय लावली, झाडाखाली एक बाज लावली. डब्यात पट्टा-पगडीवाला ऐटबाज शिपाई होता, तो त्यानं बाजूला सारला. मी म्हटलं, हा लावा की, तुमचाच आहे.

"वो तो नौकरी है," तो म्हणाला.

परत कोणी चौकशीला आलं नाही. उलट तो कधीमधी काड्यापेट्यांवरची चित्रं आणून द्यायचा.

*

आणि आमच्या वन्सं? पहिल्या दिवशी त्या देवीजवळचा कातरलेला पोपट बोटावर घेऊन बसल्या. इथं लावू का वैनी, म्हणून मला विचारायच्या, आणि वत्सलाबाई मला बोलू द्यायच्या नाहीत. बोटावर खळ वाळून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र पोपट लागला. मग भाऊ म्हणून बैल लागला, दार लागलं, निंबाचं झाड लागलं. मी म्हणून एक जाडी कोंबडी लागली, त्याचा राग मला अजून आहे. पण पुठ्ठ्याच्या मधोमध त्यांनी जागा मोकळी सोडली. वत्सलाबाईंनी विचारलं, "यात तू कुठं आहेस?"

वन्सं म्हणाल्या, "अजून दुकानात आले न्हाई."

सुगी उरकली. वन्संची सासू आणि दीर बैलगाडीनं आले. येताना पेठेतून साडी घेतली होती, ती नारळासकट पाटावर ठेवली. घडी मोडलेली नव्हती, छाप जागच्या जागी होती. आमच्या ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. काम नाही झालं तर साडी संध्याकाळी दुकानात परत जाणार, हे आम्हा दोघांनाही कळलं.

सासू म्हणाली, "चल अनसूया, आवर." आमच्या ह्यांनी बहिणीला विचारलं, की तुझं काय म्हणणं आहे. वन्संनी पाटावरची साडी उचलली आणि आत गेल्या. मी मनात म्हटलं, नेसायला गेली बाई, संपलं सगळं.

त्या बाहेर आल्या त्या नेसल्या साडीनिशीच. नवी साडी घडी करून पुन्हा पाटावर ठेवली आणि पुठ्ठा भिंतीला टेकवून उभा केला. मधल्या जागेत खळ अजून ओली होती. तिथं एक बाई खुर्चीत बसली होती, पायावर पाय टाकून. हातात सूप नाही, घागर नाही, काही नाही.

"माझं चित्र सापडलं," वन्सं म्हणाल्या. "मी येत न्हाई. साडी घेऊन जा."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सासूनं मात्र आधी साडी उचलली, उलटीपालटी केली. जिथं छाप होती तिथं नुसता डिंकाचा डाग होता. दुकानदार आता परत घेईल का, असं तिनं आमच्या ह्यांना विचारलं, ते दुकानातलेच म्हणून.

"न्हाई घेत, विहीणबाई," हे म्हणाले. "आता तुम्हीच नेसा."