वहिनीची स्क्रिप्ट

माझी वहिनी सिनेमातल्या माणसांना संगणकावर खोट्या जखमा चिकटवते. नटाचा चेहरा कसा हलतो ते दादा आपल्या संगणकावर आकड्यांत टिपतो आणि वहिनीची स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, ते आकडे तिच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतते. स्क्रिप्ट तिने स्वतः लिहिलीय, त्यामुळे तिला नावं ठेवलेली वहिनीला खपत नाहीत. स्टुडिओत माझं टेबल नेमकं दोघांच्या मधे, म्हणून नवराबायकोचं सगळं मला ऐकावं लागतं.

परवा नटाने मान खाली घातली की गालावरची जखम वर कपाळाकडे चढायला लागली. वहिनीने सकाळभर दादाला फैलावर घेतलं. शेवटी तो म्हणाला, "माझे आकडे ठीक आहेत. माझं नवं सॉफ्टवेअर उंची वरून मोजतं, तुझं खालून."

"हे मला कधी सांगणार होतास?"

"काल जेवताना सांगितलं. तू हं म्हणालीस."

वहिनीने खुर्ची संगणकाकडे वळवली. तिने स्क्रिप्टमध्ये उंची उलटवणारी एक ओळ घातली आणि जखम मुकाट्याने गालावर बसली. मग पुढच्याला कळावं म्हणून तिने त्या ओळीवर टीप लिहिली, "नवऱ्याकडून आलेलं सगळं उलटं करून घ्यावं."

ती स्क्रिप्ट आता सगळा स्टुडिओ वापरतो. टीप काढ म्हणायची दादाची अजून छाती झालेली नाही.