उजवा कौल

बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, ज्या भटजींसमोर हे घडलं त्यांना तर नाहीच नाही. कोणालाच मी हे सांगितलेलं नाही. आज तुम्हांला सांगायला बसलोय आणि तळहातांना घाम सुटलाय. हसू नका. मी जन्माचा भित्रा माणूस आहे. पेडण्याकडच्या खाडीकाठी वाढलो, सगळं आयुष्य होड्यांची कामं केली, लोक मला मेस्त, म्हणजे मिस्त्री, म्हणतात — पण भित्रा तो भित्राच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे शूरपणाचं सोंग करायला नको.

गोवा राज्य झालं, त्यानंतरची एकदोन वर्षं. कोंकणी की मराठी यावरून तेव्हा घराघरांत भांडणं व्हायची. आमच्या घरात आम्ही कोंकणीतून भांडायचो आणि पत्रं मराठीतून लिहायचो, त्यामुळे कोण जिंकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मोरजीला गोरे नुकते यायला लागले होते. त्यांच्यासाठी एका शेटने — नाव कशाला? — स्कीची बोट आणली. पायांना फळ्या बांधायच्या, मागच्या दोरीला धरायचं आणि बोट सुटली की पाण्यावरून घसरत जायचं. असला खेळ! बोट फायबरची, लाल पट्ट्याची, दिसायला देखणी. पण दोन हंगामांत तळाला भेगा गेल्या, आतलं लाकूड फुगलं. पावसाळ्यात ती बंदच राहणार, तेवढ्यात दुरुस्त करून घेऊ, असं शेट म्हणाला. काम माझ्याकडे आलं. माझ्या हाताखाली यल्लाप्पा.

यल्लाप्पा बेळगावकडचा. बायकोला घेऊन आलेला, शेटच्या माडांच्या बागेतल्या खोलीत राहायचा. वयाने माझ्याएवढाच, अंगाने रेडा, बोलायला गोड. माझ्या कोंकणीची टर उडवायचा — "तुमी बोलताय का गाताय ओ, मेस्त्री?" सकाळच्या पावाला तो वारं भरलेली भाकरी म्हणायचा आणि एका बैठकीत सहा खायचा. चांगला माणूस होता हो. वाईट असता तर मला हे एवढं जड गेलं नसतं — की गेलं असतं? कोण जाणे.

बोट ट्रेलरवरून उतरवायची म्हणजे काय, ते जरा सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. ट्रेलर म्हणजे बोट वाहून न्यायची दोन चाकांची गाडी. बोट तिच्यावर बसलेली असली की तळाला हात लावता येत नाही. म्हणून बोट जॅकने थोडी वर उचलायची, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे थर रचायचे, त्यांवर पुढे एक आणि मागे एक असे आडवे वासे टाकायचे, बोट त्या वाशांवर टेकवायची. मग मोकळी झालेली गाडी खालून पुढे ओढून काढायची. आमची होडी असती तर एवढं पुरे होतं. होडीचा तळ रुंद, ती कुठेही टेकवा, म्हशीसारखी बसते. पण ह्या बोटीच्या तळाला मधोमध धार. वासा आणि तळ यांच्या फटीत, दोन्ही अंगांना, लाकडाची पाचर घट्ट ठोकली नाही तर ती कलंडणार. पाचरी चार. पुढच्या दोन मी बाहेरूनच ठोकल्या. मागच्या दोन ठोकायला बोटीखाली सरपटत जावं लागत होतं.

शेटने सुरुवातीला नारळ ठेवला, मी देवाला गाऱ्हाणं घातलं, शेट आपल्या कामाला निघून गेला. मी खाली शिरलो. यल्लाप्पा पुढे, गाडीचा दांडा धरून उभा. त्याला मी दिसत नव्हतो.

डावी पाचर ठोकली. उजवी हातात घेतली. आणि वर काहीतरी करकरलं. चिऱ्याची लाल भुकटी माझ्या मानेवर पडली, कॉलरच्या आत गेली. तेवढंच. आणखी काही झालं नाही. पण इंजिनासकट ती अख्खी बोट माझ्या तोंडापासून वीतभर वर होती, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. हातोडी उचलवेना. देवाचं नावसुद्धा आठवेना. मी कोपरांवर मागे मागे सरकत बाहेर आलो — पाचर तशीच मुठीत.

पुढून आवाज आला, "झालं काय ओ, मेस्त्री?"

आता मला सांगा, 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? पण नाही म्हटलं असतं तर परत खाली जावं लागलं असतं. किंवा, मला भीती वाटते, तू जा, असं सांगावं लागलं असतं. मी, मेस्त, हाताखालच्या माणसाला? मी म्हटलं, "जालें. ओड."

त्याने ओढली. चाक खड्ड्यात बसलं, गाडीची चौकट वाशाला लागली आणि बोट उजवीकडे कलली. सावकाश कलली, खरं सांगतो. पळायला पुष्कळ वेळ होता. मी पळालो. आणि यल्लाप्पा? दांडा टाकून धावत आला आणि त्याने बोटीला हात लावले. आमच्याकडे सगळे हेच करतात. होडी सरकली की जो जवळ असेल तो खांदा देतो, हात देतो. मीच त्याला ते शिकवलं होतं. पण होडी हाताने थांबते, ही कुठली थांबायला! त्याचा उजवा हात बोट आणि चिरा यांच्या मधे सापडला.

तो ओरडला ते मी सांगणार नाही. जॅक लावून मी हात सोडवला, एवढं केलं. माणसं जमली, कोणीतरी जीप आणली, त्याला म्हापशाच्या इस्पितळात नेलं. आणि सगळे गडबडीत असताना मी काय केलं, माहीत आहे? मुठीतली पाचर खाडीत भिरकावली. ते काम मात्र नीट जमलं.

त्याची तीन बोटं गेली.

शेटने विचारलं, "ओडपाक कोणें सांगिल्लें?" मी म्हटलं, मी खालीच होतो, चौथी पाचर ठोकायची होती, याने सांगायच्या आधीच ओढली, मी कसाबसा वाचलो. केवढं सफाईदार! वर स्वतःच वाचल्याचं सांगितलं. चार दिवसांनी यल्लाप्पा इस्पितळातून आला, तो म्हणाला, मेस्त्रीनी 'जालें' म्हटलं, मी ऐकलं. त्याचा शब्द आणि माझा शब्द. शेटला निकाल हवा होता, कारण चूक ज्याची त्याला तो ठेवणार नव्हता. तो म्हणाला, देवळात कौल लावू.

तुम्हांला ठाऊक असेलच, तरी सांगतो. देवाच्या अंगावर उजवी-डावीकडे ओल्या फुलांच्या पाकळ्या लावतात, प्रश्न घालतात आणि कुठली पडते ते बघत बसतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्नं ठरतात त्याच्यावर, जमिनींचे वाद मिटतात. मी लहानपणापासून ते बघत आलो होतो आणि ते खरं असतं असं मानत होतो. आजही मानतो. म्हणून तर कौलापर्यंतचे माझे दोन दिवस धड गेले नाहीत. देव सांगणार. सगळ्या गावासमोर सांगणार. मग कोण मला मेस्त म्हणणार, कोण माझ्या शब्दावर होडीखाली शिरणार?

आणि देवळाच्या पायऱ्या चढताना मला सुचलं.

भटजींनी विचारलं, प्रश्न कोणी घालायचा? शेट म्हणाला, गावचा हा, यानेच घालावा. यल्लाप्पाला आमची रीत ठाऊक नव्हती. तो सभामंडपात हाताचं बांधलेलं बोचकं छातीशी धरून उभा होता, आणि देवापुढे चाललंय म्हणून निर्धास्त होता. मी हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ट्रेलर ह्याच मनशान ओडलो, हें खरें आसल्यार उजवें दी."

ओढला होता ना त्यानेच? खरंच होतं ते. ओढायला सांगितलं कोणी, हे मी विचारलंच नाही. आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. वाटत होतं, डावी पडेल. देव माझी चलाखी ओळखेल आणि मुद्दाम डावी टाकेल. उजवी पडली. लोक म्हणाले, "होय म्हाराजा." भटजींनी माझ्या हातावर तीर्थ घातलं आणि मी ते प्यालो.

यल्लाप्पा नुसता माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही हो, गोंधळून. दुसऱ्या दिवशी शेटने खोली रिकामी करून घेतली. टेंपोत त्याची बायको स्टोव्ह मांडीवर घेऊन बसली होती. मी माडाआडून बघितलं.

त्यानंतर मी कधी कौल लावला नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा टाळलं. बायकोला वाटतं, माझा विश्वास उडाला. उडाला असता तर सुटलो असतो. माझी भीती हीच आहे की देव तिथे आहे, त्याने ऐकलं आणि खऱ्याला खरं म्हटलं. माझं काय, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

आणि मग डिचोली. सातआठ वर्षांनी मी बाजाराच्या दिवशी तिकडे गेलो होतो. मिरच्या घेत होतो, आणि पलीकडे यल्लाप्पा. मी चटकन पाठ फिरवली, मिरचीवालीच्या मागे सरकलो. पण त्याने बघितलं होतं. "मेस्त्री!" करत गर्दीतून आला. इथे जवळच सर्वणला एका बागायतीत राखणीला आहे म्हणाला, मुलगा शाळेत जातो म्हणाला. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार, इथेच, सगळ्या बाजारात.

तो वाकला. त्या दोन बोटांच्या हाताने त्याने माझे पाय धरले.

"मेस्त्री, लई वर्सं मनात हाय. तुमी 'जालें' म्हटलं नव्हतं. मला भासच झाला आसंल. देवानंच सांगितलं की. तुमी खाली व्हता, आनि मी वडली. तुमचा जीवच गेला आसता ओ माझ्या हातनं. आन वर मी तुमच्यावर आळ घेतला." त्याचे डोळे भरले होते. "मला माफ करा."

मिरचीवाली बघत होती. दोनचार माणसं थांबली होती. मी सांगू शकलो असतो. मी तोंड उघडलंही.

मी त्याला उठवलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला माफ केलं.