अमेरिकेतल्या लेकीचा फोन

अर्धी वाट सरली तरी नीलिमा काही बोलली नव्हती. मंगरूळपीरहून निघाल्यापासून औषधांची पिशवी तिनं छातीशी धरली होती. मी दोनदा म्हटलं, "आण इकडं, दे मले." तिनं नुसती मान हलवली.

रामनवमी तोंडावर आली होती. एसट्या सगळ्या पोहरादेवीच्या यात्रेला लागलेल्या. ज्या यायच्या त्या खचाखच भरलेल्या, आमच्या फाट्यावर त्या कशाला थांबतात? काळीपिवळी जीपवाल्यानं पेट्रोलपंपापर्यंत आणून सोडलं, तिथून पायी. ऊन कललं होतं, पण डांबर अजून चपलेतून भाजत होतं.

आमच्या पुढंमागं बंजारा समाजाचे जत्थे चालले होते. पांढरे झेंडे, नगारा, बायांच्या डोक्यावर गाठोडी. त्यातला एक माणूस सारखा वळून नीलिमाकडं पाहत होता. मला राग यायला लागला. शेवटी तो थांबलाच.

"ताई, राग नका मानू. मी हेमसिंग, तिकडं दिग्रसकडचा. तुमी त्या टीव्हीतल्या सायंटिस्ट बाई ना? डॉक्टर मेधा?"

नीलिमानं हो म्हटलं.

"पाह्य व!" तो बायकोवर ओरडला. "म्या म्हटलं होतं का नाही? तू म्हणे, एवढी मोठी बाई पायी कायले चालन?"

"प्रयोगात गाडी उडाली असन तिची," बायको म्हणाली, आणि अख्खा जत्था हसला.

"आमची बुढी तर तुमी अमेरिकेले गेल्या त्या दिवशी जेवली नाही, ताई. एकडाव म्हणा ना ते तुमचं."

मी म्हणणार होते की जाऊ द्या भाऊ, तिची माय आजारी आहे. पण नीलिमानं पिशवी माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी केस विस्कटले, डोळे गरगर फिरवले आणि बोट वर करून म्हणाली, "सिद्धांत बरोबर होता!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हेमसिंगच्या बायकोनं आमच्या ओंजळीत फुटाणे घातले. नगारा वाजवत ते पुढं निघून गेले. नीलिमानं केस नीट केले आणि पिशवी परत मागून घेतली.

"डॉक्टर काय म्हणाले ते तुह्या सासूले सांगू नको लगेच," ती म्हणाली. "ती रडन, मंग मायले समजन."

त्या वाटेवर माझ्याशी हे तिचं पहिलं बोलणं.

नीलिमा भिवाजी पडघान ही माझ्याच वर्गातली, आणि लग्न होऊन मी तिच्याच शेजारी आले. भिवाजीकाका मजुरी करायचे आणि जयंतीला विहारापुढं नाटक बसवायचे. त्यात नीलिमा लहानपणापासून उभी राहायची. बाकीच्या पोरी स्टेजवर गेल्या की पाठ केलेलं विसरायच्या. ती विसरली तर आपल्या मनचं बोलायची आणि ते मूळच्यापेक्षा बरं असायचं. पुढं नाटकं करत करत ती मुंबईला गेली. बरीच वर्षं कुठं भुताची बाई, कुठं हॉटेलातली नर्तकी, कुठं नुसती गर्दीत. मग 'चाळीस बिऱ्हाडं, एक नळ' नावाची हसायची मालिका आली आणि त्यात तिला वरच्या मजल्यावरची शास्त्रज्ञ केलं. खाली नळावर भांडण पेटलं की वरून धडाम आवाज यायचा. डॉक्टर मेधा पांढऱ्या कोटात, तोंडाला काजळी लागलेली, जिन्यात येऊन म्हणायची, "सिद्धांत बरोबर होता!" झालं, तेवढंच काम. लग्न नाही, सासू नाही, गाणं नाही. पण आमच्या गावासाठी मालिकेची हिरोईन तीच.

रुख्मिणीकाकू, तिची माय, रोज मालिका लागायच्या आधी आमच्या दारात उभी. "सरू, चाल. निली येऊन राह्यली." तेव्हा काकूला सगळं कळत होतं हे मी मुद्दाम लिहिते. शाळेतले जुने गुरुजी एकदा टीव्ही पाहायला बसले होते, त्यांना ती म्हणाली, "पाह्या गुरुजी, तुमी हिले विज्ञानात जेमतेम काढली. आता शास्त्रज्ञ झाली का नाही?" गुरुजी म्हणाले, "रुख्मिणीबाई, अजूनही हिचे प्रयोग फुटूनच राह्यले." काकू हसून हसून खोकायला लागली.

भिवाजीकाका गेले आणि त्यानंतर काकूचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत दोनदा मीठ. मग एका पौर्णिमेला वंदनेला निघाली ती विहार ओलांडून पार नाल्यापर्यंत गेली. त्याच सुमाराला मालिकावाल्यांनी डॉक्टर मेधाचं काम संपवलं. तिला अमेरिकेत मोठी नोकरी लागली असं दाखवलं. विमानतळावर सगळी चाळ निरोप द्यायला आली, मेधा वळून वळून हात हलवत काचेच्या दारातून आत गेली. आम्ही सगळ्या काकूच्याच घरी बसून पाहिलं. काकूनं पदर तोंडात कोंबला होता.

सकाळी हापशीवर ती सगळ्यांना सांगत होती, "माही निली अमेरिकेले गेली." आम्हाला वाटलं, गंमत करते.

तिकडं मुंबईत नीलिमाला दुसरं काम मिळेना. शास्त्रज्ञबाईचा चेहरा लोकांच्या डोळ्यात बसलेला, दुसऱ्या कशात कोणी घेईना. आणि मायचं असं कानावर आलं. ती घरी आली. मी अंगणवाडीतून येत होते, मीच तिची बॅग धरली. काकू उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. नीलिमा वाकली, पाया पडली.

"सुखी राह्य, बाई," काकू म्हणाली. "कोण पाह्यजे तुले?"

"माय, मी निली."

काकूनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागानं नाही, अगदी परक्याशी बोलतो तशा सभ्यपणानं म्हणाली, "निली अमेरिकेत हाय, बाई. तू चुकली घर."

पुढचे कितीतरी दिवस नीलिमानं सगळं करून पाहिलं. शाळेतले फोटो दाखवले. लहानपणी विळा लागला होता ती पायावरची खूण दाखवली. भिवाजीकाकांनी नाटकात शिकवलेली भाषणं म्हणून दाखवली. काकू ऐकायची आणि म्हणायची, "छान म्हणतं व तू." एक दिवस नीलिमानं मंगरूळपीरहून पांढरा कोट आणला, केस डॉक्टर मेधासारखे बांधले, चष्मा लावला आणि दारात उभी राहिली. मी तिथंच होते. मला वाटलं, आता ओळखते. काकूनं घाईघाईनं दंडावर पदर ओढला.

"सुई नको, डॉक्टरीनबाई. मी गोळ्या घेतो ना."

नीलिमानं कोट काढून त्याची घडी केली. नंतर तो कुठं गेला मी विचारलं नाही.

मग काकूनंच तिला नाव दिलं, केशरबाई. तरुणपणी काकूसोबत निंदायला येणारी एक केशरबाई होती, वारून जमाना झाला. "केशर, पाणी आण. केशर, भाकर जाड केली तू." नीलिमा केशरबाई झाली. न्हाऊ घालायची, वेणी घालायची, रात्रीचं कापड बदलायची. आणि काकू दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "अमेरिकेहून फोन येते का व इथं? निलीचा काहून नाही आला?" काही दिवसांनी तिनं जेवणच टाकलं. निलीचा फोन आल्याशिवाय खाणार नाही म्हणाली.

त्या दिवशी नीलिमा घरामागच्या रिकाम्या गुरांच्या कोठ्यात गेली. तिथून तिनं काकूच्या बटणाच्या फोनवर फोन लावला.

काकूनं फोन उचलला आणि मी तिचा असा आवाज किती दिवसांनी ऐकला. "निले! कशी हायेस व माय? जेवली का? तिथं बरफ पडते म्हणतेत, कानाले बांधत जाय." बोलता बोलता आवाज हळू केला, "इथं एक बाई ठेवली हाय, केशर. चांगली हाय बिचारी. पण मधामधात रडते. तिले कोणी नाही वाटते जगात. तू एखादं लुगडं पाठवजो तिच्यासाठी."

नीलिमा कोठ्यातून आली तेव्हा डोळे लाल. काकू म्हणाली, "धूर लागला का व केशर? पुस डोये. आण भाकर, माह्या निलीचा फोन आला." आणि पोटभर जेवली.

पुढच्या बाजाराला नीलिमानं स्वतःसाठी एक लुगडं घेतलं, मोरपंखी रंगाचं. नेसून आली तर काकूनं आमच्या सगळ्या ओळीला बोलावून दाखवलं. "पाह्या, माह्या लेकीनं अमेरिकेहून पाठवलं. दिल होना चाहिए माणसाचा!"

तेव्हापासून रोज उन्हं उतरली की कोठ्यातून फोन. मी बरेचदा काकूजवळ बसलेली असायची. मला ते आधी पटत नव्हतं. मी रोज सकाळी पंचशील म्हणते, त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी नीलिमाला तसं म्हटलंही. ती चिडली नाही. म्हणाली, "सरू, मी निली हाय का नाही?"

"हायेस."

"आन माय माह्याशीच बोलते का नाही?"

"हो."

"मंग खोटं काय हाय, दाखव मले."

मी घरी येऊन बुद्धाच्या फोटोपुढं अगरबत्ती लावली आणि बसून राहिले. तिच्यासाठी काय मागायचं हेही सुचलं नाही. शेवटी, कोठ्यात उभ्या असलेल्या पोरीला बळ मिळो, एवढंच मनात आलं.

एकदा तिनं मायच्या समोर बसूनच फोन लावून पाहिला. काकू म्हणाली, "केशर, तू फोनवर बोलू नको आता. निलीचा येऊन राह्यला, मले आयकू दे." आणि पाठ फिरवली. त्यानंतर नीलिमानं ते पुन्हा केलं नाही. लेकीचं सगळं तिला कोठ्याच्या भिंतीआडूनच मिळत होतं. भिंतीच्या अलीकडं ती केशर.

गेल्या आठवड्यापासून काकूच्या घशाखाली काही उतरेना. त्यासाठीच आज आम्ही मंगरूळपीरला गेलो होतो, माझी सासू काकूजवळ बसवून. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं खुर्ची ओढून नीलिमाला बसवलं. म्हणाला, इथं आणून हाल करू नका. चमच्यानं पाणी द्या, ओठ ओले ठेवा, जवळ बसा. आता दिवसांचंच आहे. दुखू नये म्हणून औषध लिहून दिलं. निघताना विचारलं, "तुम्ही मुलगी का?" नीलिमा म्हणाली, "मी सांभाळतो त्यायले."

फाटा आला. डांबरी सोडून आम्ही गावाच्या पांदणीला लागलो. दोन्ही बाजूला पळसाची झाडं, मधे बैलगाडीची चाकोरी. एका चाकोरीत ती, दुसरीत मी. हातातले फुटाणे तसेच होते, कोणीच खाल्ले नव्हते.

"सरू, एक सांगतं का?"

"काय?"

"फोन वाजते तवा तिचं तोंड कसं होते?"

मला आधी समजलंच नाही.

"तू असते ना तिथं. मी तर कोठ्यात असतो. मले आवाजच येते नुसता. तोंड कसं होते मायचं?"

मी चालता चालता आठवायला लागले. सांगितलं की फोन वाजला की ती आधी पदर नीट करते, जसं कोणी दारात आलं. मग कपाळावरचे केस मागं सारते. बटण दाबताना जीभ दाताखाली धरते. आणि तुझा आवाज आला की भुवया अशा वर जातात आणि गाल हलायला लागतात, दात नसलेल्या लेकरासारखे. तू मुंबईहून दिवाळीला यायची, तेव्हा व्हायचं तसंच तोंड होतं. मधे मधे ती फोनकडं बोट करून मला खुणावते, की पाह्य, निली.

नीलिमा थांबली. तिनं पिशवी खाली मातीत ठेवली. मी म्हटलं, "पाणी पेतं का?" तिनं ऐकलं नाही. पांदणीच्या टोकाला आमच्या घरांची टिनं दिसत होती, त्यामागं तो कोठा.

"आज फोन तू कर," ती म्हणाली.

"मी?"

"तू कोठ्यात जाय. माहा फोन घे. नुसतं 'माय' म्हण. आता तिले आवाज ओयखू येत नाही, 'माय' म्हटलेलं तेवढं आयकू येते. ती विचारन जेवली का, तर हो म्हणजो. बरफाचं विचारन, तर कानाले बांधलं म्हणजो. बाकी तीच बोलन."

"नीले, मले नाही जमणार व. मी कधी..."

"मी तिचा हात धरून बसतो. ती मले केशर म्हणो का काही म्हणो." तिनं माझं मनगट घट्ट धरलं, फुटाणे खाली सांडले. "इतके दिवस म्या तिले आयकलं, सरू. आज मले तिचं तोंड पाहू दे, निलीशी बोलतानाचं. एकडाव. करशील ना?"