दोराचं टोक

आमच्या आंब्याच्या फांद्या छाटायला विचुंब्याहून एक जण यायचा. काम संपवून उतरला, तरी फांदीवरून टाकलेला दोर लगेच ओढायचा नाही. आधी टोक बोटांतून फिरवायचा, वर बघायचा आणि म्हणायचा, "बाजूला व्हा." एवढं काय बघतो, मला कळायचं नाही.

एकदा टोक तपासून तो पाणी प्यायला गेला. मला त्याचा पीळ सुटलेला दिसला, म्हणून मी टोकाला गाठ मारून ठेवली. ओढताना ती वर बेचक्यात अडकली.

"हिसका मारा की!" मी म्हटलं.

"फांदी डोक्यात येल," म्हणत तो दोराशिवाय पुन्हा चढला. गाठ सोडवून तो उतरेपर्यंत माझी नजर त्याच्यावरच होती. गाठ कुणाची, हे त्यानं विचारलं नाही.

पुढच्या वर्षी त्यानं टोक माझ्याच हातात दिलं.

"बघा, गाठ नाय ना?"